सात पानांची पंगत : आमच्या गावच्या इगर्जीला खुलं पत्र

प्रति,
आदरणीय फादर विगार (मुख्य पाद्री), पॅरिश कौन्सिलाचे सभासद आणि यंदाच्या फेस्ताचे (चर्चच्या वार्षिक सणाचे) यजमान प्रेजिदेंत यांस,

सप्रेम नमस्कार.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. गोव्यातल्या बार्देश तालुक्यातलं एक गाव, एवढं पुरे. ज्यांना उद्देशून लिहिलंय त्यांना चार ओळींत कळेल. बाकीच्यांनी आपापल्या गावाचं नाव घालून वाचलं तरी माझी हरकत नाही.

मी इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, मागच्या वाड्यावर राहते. हिंदू. सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून 2020 साली निवृत्त झालेली शिक्षिका. तुमच्या कौन्सिलात मला मत नाही, फाब्रिकेच्या, म्हणजे इगर्जीच्या मालमत्तेच्या, हिशोबात मला बोलण्याचा अधिकार नाही. ‘ही बाई आमच्यात कशाला नाक खुपसते?’ असं कोणी म्हणेल, आणि ते बरोबरही असेल. पण ज्यांच्या घरून साठ वर्षं नाताळाचं ताट माझ्या घरी येतंय, नेवऱ्या, दोदोल, कुलकुलं आणि वर क्रोशाचा रुमाल, त्यांना दोन शब्द ऐकवण्याइतपत माझं नातं आहे असं मी समजते. चवथीला तेच ताट आमच्याकडून भरून जातं. रिकामं ताट परत करायचं नाही, हा नियम दोन्ही घरांना सारखाच ठाऊक आहे.

तर विषयाला येते.

गेल्या नोव्हेंबरात तुमच्याकडे गरिबांचा दिवस साजरा झाला. पोप फ्रान्सिस यांनी 2016 साली तो ठरवून दिला आणि 2017 पासून जगभरच्या इगर्जींमध्ये ख्रिस्तराजाच्या सणाच्या आधीच्या रविवारी तो पाळतात. आपल्या सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर, जिथे नवी इमारत चढते आहे, तिथल्या पत्र्याच्या खोल्यांपाशी दुपारी टेंपो आला. टेंपोच्या बाजूला बॅनर बांधलेला. मी तिथे होते, कारण त्या खोल्यांमधली एक मुलगी संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला येते आणि तिच्या वह्या द्यायला मी गेले होते.

बायकांची रांग लावली. पिशवीत तांदूळ, तूरडाळ, तेलाची थैली, साबण, बिस्किटांचे पुडे. सामान चांगलं होतं, डाळीत खडा नव्हता, हेही सांगायला हवं. त्या मुलीच्या आईची पाळी आली. ती विजापूरकडची, तिच्या थोरल्या मुलाला मी पहिलीत मुळाक्षरं शिकवली. तिनं हात पुढे केले, पिशवी घेतली, फोटो झाला. मग फोटो काढणाऱ्यानं मोबाइलमध्ये पाहिलं आणि म्हणाला, बॅनरला चुणी पडलीय, नाव दिसत नाही. बॅनर ताणला. तिच्या हातातली पिशवी परत घेतली आणि पुन्हा दिली. ‘जरा हसा,’ असंही कोणीतरी म्हणालं. ती हसली. तिला हसता येतं, रोज चौदा घमेली एका दमात वर पोचवणारी बाई आहे ती.

रात्री फोटो गावच्या सगळ्या ग्रुपांवर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी आली, पाटी-दप्तर ठेवलं आणि विचारलं, ‘‘टीचर, त्या फोटोत माझी आई भिकारी दिसते काय?’’

मी काय उत्तर दिलं ते इथे सांगत नाही, कारण ते धड नव्हतं. पण ‘भिकारी’ हा शब्द डोक्यात राहिला, आणि त्यानं मला 1969 सालात नेऊन सोडलं.

मी सात वर्षांची होते. शेजारच्या घरी, जिला अख्खा वाडा शामाय (आजी) म्हणायचा तिच्या नातीचं लग्न होतं. मे महिना, अंगणात माटव, आणि लग्नाच्या आधी भिकाऱ्यांचं जेवण. आजच्या मुलांना हे सांगावं लागतं, म्हणून सांगते. तुमच्यात लग्नाआधी घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावानं गोरगरिबांना बोलावून जेवू घालायची रीत होती. माझ्या आईनं मला कुंपणाशी उभं राहून बघायची परवानगी दिली होती. पलीकडे जाऊन जेवायची नव्हती. तो काळ तसा होता.

सात माणसं आली. इगर्जीच्या पायरीवर बसणारा एक आंधळा, काथ्या वळणारी एक विधवा, बाकीचे मला आता आठवत नाहीत. त्यांना मागच्या दारी नाही बसवलं. सालात, म्हणजे दिवाणखान्यात बसवलं, जिथे एरवी आम्हा पोरांना पाय ठेवायची भीती वाटायची, जिथे आलतार (घरची वेदी) होता आणि भिंतीवर शापायचा, म्हणजे आजोबांचा, फोटो. चटया अंथरल्या, केळीची पानं मांडली. नवरीनं स्वतः तांब्या घेऊन एकेकाच्या हातावर पाणी घातलं. भात, सुक्या सुंगटांची सामाराची कडी, शेवटी चण्याच्या डाळीचं आणि नारळाच्या रसाचं गोड वोण. घरातलं कोणी जेवलं नव्हतं. पहिली पंगत त्यांची. आंधळ्यानं वोण पुन्हा मागितलं तेव्हा शामायनं स्वतः वाकून वाढलं, आणि तिची कंबर तेव्हाही धड नव्हती. जेवण झाल्यावर त्या सातांनी मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हटली. म्हणजे आलेली माणसं घरच्यांना काहीतरी देऊन गेली. कुंपणाशी येऊन शामाय मला म्हणाली, ‘‘आयज आमचीं मेल्लीं मनशां जेवपाक बसल्यांत गो.’’

आमच्याकडे श्राद्धाला पितरांच्या नावानं ब्राह्मण जेवतो आणि कावळ्याला घास ठेवतात. तुमच्याकडे त्याच जागी भिकारी बसायचा. मी ब्राह्मणाच्या घरची. लहानपणी हा फरक मला नुसता गमतीचा वाटला होता. आता पासष्टीकडे झुकल्यावर वाटतं, आम्ही आमच्या बापजाद्यांना आमच्याच जातीचं तोंड दिलं. तुमच्या शामायनं तिच्या मेलेल्या नवऱ्याला इगर्जीच्या पायरीवरच्या आंधळ्याचं तोंड दिलं. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो ना, भुकेल्याला दिलंत ते मलाच दिलंत, त्याचा अर्थ त्या दिवशी सालात चटईवर बसला होता.

जुनं ते सगळं सोनं, असं म्हणायला मी बसलेले नाही. त्या सातांतले दोघेतिघे त्याच घराचे मुंडकार, म्हणजे त्यांच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणारे, असणार, आणि भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, घरी वर्षातून एकदा सालात बसायला मिळणं याला काही लोक उपकार म्हणायचे. 1975 चा मुंडकार कायदा येईपर्यंत त्यांच्या झोपडीखालची जमीन भाटकाराच्या एका शब्दावर होती. हे शामायला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या एका दुपारी पान कोणाचं आधी मांडायचं याबद्दल तिच्या मनात गोंधळ नव्हता.

आता लग्नं हॉलमध्ये होतात. भिकाऱ्यांच्या जेवणाच्या नावानं कुठल्यातरी आश्रमाला पैसे किंवा केटररचे डबे जातात, आणि त्या दुपारी घरात ब्यूटिशियन असते. पैसे पोचतात, त्यात वाईट काही नाही. फक्त पाणी कोणाच्या हातावर पडत नाही.

आता दुसरी गोष्ट. ही मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

1978 साली माझे वडील आजारी पडले. म्हापशाच्या एका दुकानात ते हिशोब लिहायचे. काम सुटलं, औषधं महाग. आम्ही कोणाकडे हात पसरला नाही, पण वाड्यावर काय लपतं? एका संध्याकाळी दोन माणसं आली, दोघेही तुमच्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे. बसले, वडिलांच्या तब्येतीची चौकशी केली, पाऊस लांबल्याचं बोलले, चहा घेतला आणि गेले. ते गेल्यावर आईला पाटाखाली पाकीट सापडलं. पुढचे पाच महिने ते दर पंधरवड्याला येत राहिले, दोघेच, आणि पाकिटाबद्दल ना त्यांनी शब्द काढला ना आम्ही.

त्या सोसायटीची पद्धत मला नंतर कळली. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेदेरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं आणि त्याच्या मित्रांनी ती सुरू केली. तेव्हापासूनचा शिरस्ता असा की मदत करायची तर घरी जाऊन, भेटून. आणि मीटिंगमध्ये पिशवी फिरते तेव्हा प्रत्येकजण मूठ मिटून हात आत घालतो, उघडा बाहेर काढतो. कोणी शंभर टाकले, कोणी काहीच टाकलं नाही, कोणालाही कळत नाही. डाव्या हाताला उजव्याचं कळू नये, हे तुमच्या धर्मातलं वाक्य पिशवीच्या रूपानं शिवून ठेवलंय.

आम्ही हिंदू आहोत, हे त्या दोघांना माहीत होतंच. आमच्या दारात तुळस होती. चौथ्या शतकात ज्युलियन नावाचा एक रोमन सम्राट होऊन गेला. त्याला ख्रिस्ती लोक मुळीच आवडत नसत. आपल्या एका पुजाऱ्याला त्यानं चिडून लिहिलं होतं, की हे लोक स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात, आणि आपल्याला लाज कशी वाटत नाही? शत्रूनं दिलेलं प्रशस्तिपत्रक आहे ते. आमच्या पाटाखालच्या पाकिटाला ते तंतोतंत लागू पडतं.

पण गोव्यात राहून मी फक्त गोड बाजू सांगितली तर ते खोटं होईल. इथे दयेच्या पाठीला अटही आली होती. सोळाव्या शतकात जुन्या गोव्यात सांता काझा द मिझेरिकोर्दिया आली. पोरके, कैदी, आजारी, बेवारस मयतं, सगळ्यांची सोय ती पाहायची. आणि त्याच शतकात, 1559 साली, हुकूम निघाला की आईबाप आणि आजी-आजोबा नसलेली अनाथ हिंदू मुलं जेझुइतांच्या सांव पावल (सेंट पॉल) कॉलेजच्या हवाली करावीत, म्हणजे त्यांचा बाप्तिस्मा होईल. घर मिळालं, भाकरी मिळाली, नाव बदललं. आमच्याकडे अजून त्या जखमेवरची खपली निघते. ती काढायला मी हे लिहीत नाही. अटीसह दिलेलं दान कसं दिसतं, ते या मातीला चारशे वर्षांपासून ओळखता येतं, एवढंच म्हणायचंय.

आणि फादर, फोटो ही अट आहे. लहान आहे, वेगळी आहे, पण अटच. हसशील तर पिशवी. बॅनरवरचं नाव दिसेल तर पिशवी.

तुमच्याच परंपरेत विनाअट देणारी माणसं काय थोडी आहेत? बाणावलीत जन्मलेले सांव जुझे वाझ श्रीलंकेत गेले. 1697 साली कँडीत देवीची साथ आली, लोक आपल्या घरच्या आजाऱ्यांना रानात टाकून पळाले, तेव्हा या माणसानं त्यांना उचलून आणून धुतलं, खाऊ घातलं. मेले त्यांना पुरलं. मडगावात पाद्री मिरांद यांनी 1867 साली गरिबांसाठी हॉस्पिसियो उभं केलं. पुढे तिथे सरकारी इस्पितळ झालं, तरी सासष्टीतला हिंदू म्हातारासुद्धा आजही इस्पितळाला ‘हॉस्पिसियो’च म्हणतो. मिरांद कोण, हे त्यातल्या निम्म्यांना माहीत नाही. मला वाटतं पाद्रीबाब त्यावर खूष असतील.

आणि लांब कशाला जा. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा याच इगर्जीच्या हॉलात तुमच्या पोरांनी चूल मांडली. माझी निवृत्ती नुकतीच झाली होती. भाजी चिरायला मीही बसायची, इगर्जीच्या हॉलात विळी घेऊन बसलेली बहुधा मीच पहिली. सड्यावरचे मजूर, झारखंडची हॉटेलातली पोरं, गाड्या बंद झाल्यामुळे अडकलेला एक बांगड्या विकणारा, सगळे जेवले. एकही फोटो नाही. काढायला कोणाला वेळच नव्हता. त्या पोरांतली चारजण नोव्हेंबरात टेंपोवर बॅनर बांधत होती, म्हणून मला जास्त लागलं.

आता ज्यावर कोणी बोलत नाही ते बोलते. पत्र इथे कडू होईल.

सड्यावरच्या त्या पत्र्याच्या खोल्या कोणाच्या आहेत? आणि आमच्या वाड्यावर घरामागे जे चार-चार खोल्यांचे डबे उठलेत, ते? काही तुमच्या पॅरिशवाल्यांचे, काही आमच्या हिंदूंचे. दोघे मालक तर माझे नातलग आहेत, त्यांना मी तोंडावर सांगून झालंय. एका खोलीत आठ-दहा माणसं, भाडं माणशी, संडास एक. गेल्या मे महिन्यात एका मालकानं विहिरीवर कुलूप घातलं आणि टँकरचं पाणी बादलीच्या हिशोबानं विकलं. तोच मालक रविवारी दानपेटीत पाचशेची नोट टाकताना मी पाहिला नसता, तर मला एवढा राग आला नसता. ठेकेदारानं दोन महिन्यांची मजुरी अडकवली तेव्हा मजुरांच्या बाजूनं पोलिस चौकीवर जायला गावातून कोणी निघालं नाही. याकोबाच्या पत्रात आहे ना, शेत कापणाऱ्यांची तुम्ही अडकवलेली मजुरीच ओरडते आहे म्हणून? दोन किलो तांदळानं ते ओरडणं बंद होत नाही. आणि वर आपण त्यांना ‘घाटी’ म्हणतो. हो, आपण. मी शाळेत शिक्षकांच्या खोलीत हा शब्द तीस वर्षं ऐकला आणि त्यातली बरीच वर्षं गप्प बसले.

आमच्या देवळाचं काय, असं कोणी विचारेल. विचारा. आमच्या जत्रेला महाप्रसाद असतो. देणगीदारांची नावं लाउडस्पीकरवर रकमेसह वाचतात आणि सड्यावरची माणसं शेवटच्या पंगतीला, भात संपत आल्यावर. देवस्थान समितीला मी वेगळं पत्र दिलंय. उत्तर आलेलं नाही.

माझं मागणं थोडं आहे. येत्या फेस्ताला फटाके, बँड, रोषणाई, आलतारावरची फुलं हे सगळं होणार, व्हावंच. प्रेजिदेंत दहा वर्षं पैसे साठवून हौस करतात आणि ती हौस मला कळते. त्यातली एक दुपार द्या. फेस्ताच्या आदल्या दिवशी हॉलात पंगत मांडा. सड्यावर टेंपो पाठवू नका. सेंट व्हिन्सेंटच्या माणसांनी दोघं-दोघं करून खोलीखोलीत जावं, नाव विचारावं, जेवायला बोलवावं, जसं लग्नाचं बोलावणं करतात तसं. लूकच्या शुभवर्तमानात येशूनं यजमानाला जे सांगितलं तेच मी सांगतेय. जेवण घालशील तेव्हा मित्रांना, भावांना, श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस, ते तुला परत बोलावतील आणि फिट्टंफाट होईल. गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलाव. आणि वाढायला कौन्सिलाच्या सभासदांनी स्वतः उभं राहावं. पाणी हातावर घालावं. फोन बाहेर ठेवावेत. जमलं तर सगळ्यांचं झाल्यावर त्यांच्या शेजारी बसून जेवावं, कारण शामायच्या काळात तेवढं एक राहून गेलं होतं. कोणी मांस खात नाही, कोणाला गुरुवार असतो, हे आधी विचारून ठेवलेलं बरं. विजापूरची मंडळी आमच्यासारखा भात फार खात नाहीत. भाकरी करायला त्यांच्यातल्याच दोघी बायका येतील, मजुरी देऊन बोलवा.

नावाबद्दल मात्र माझा आग्रह आहे. ‘भिकाऱ्यांचं जेवण’ म्हणू नका. त्या मुलीच्या प्रश्नानंतर तरी नको. काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

मी तिच्या आईला परवा विचारलं, बोलावलं तर येशील का. ती विटांच्या राशीवर बसून चहा पीत होती. म्हणाली, ‘‘बॅनर असला तर नाय टीचर. नसला तर पोरांना घेऊन येते.’’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘‘शेंगदाण्याची चटणी मी आणीन. आमच्याकडची. तुमच्या लोकांना तिखट लागेल.’’

केळीची पानं माझ्या परसातली. परसात पाच केळी आहेत, पन्नासेक पानं सहज निघतील. निखाऱ्यावर धरून मऊ करून द्यायचं काम माझं. फक्त आकडा आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवा. पानं कापणारा पोरगा सकाळी सहाला येतो आणि मग दिवसभर कोणाला सापडत नाही.

आपली,
मागच्या वाड्यावरची निवृत्त मराठी शिक्षिका